आठ खुर्च्यांचा संगणक

विमलबाईंनी तो प्रश्न विचारला नसता, तर सिद्धाराम होनराव सरांची निवृत्ती इतर निवृत्त गणित शिक्षकांसारखीच पार पडली असती. म्हणजे सकाळी शब्दकोडं, दुपारी झोप आणि संध्याकाळी पारावर बसून दुसऱ्यांच्या हिशोबातल्या चुका काढणं. पण विमलबाईंनी विचारलं, आणि तेही एकवीस माणसांसमोर.

त्याचं असं झालं. नांदूरघाटच्या रस्त्याला लागून असलेल्या सरांच्या गावात एक वाचनालय आहे आणि सर त्याचे मानद सचिव आहेत. मानद सचिव म्हणजे कुलूप उघडणारा आणि लावणारा. या वाचनालयाला यंदा वरच्या कार्यालयाकडून एक संगणक मिळाला. अट एवढीच की चाळिशी ओलांडलेल्या गावकऱ्यांसाठी आठवड्यातून तीन दिवस ‘संगणक परिचय वर्ग’ चालवायचा आणि महिन्याच्या महिन्याला अहवाल धाडायचा. वर्ग चालला नाही, तर संगणक दुसऱ्या गावाला जाणार. आता आपला संगणक शेजारच्या गावात जाऊन बसलेला कोणत्या स्वाभिमानी गावाला बघवेल?

पहिल्या दिवशी सरांनी पट्टी घेऊन झोकात सुरुवात केली. हा पडदा, हा कळफलक, हा माऊस. तेवढ्यात मागच्या रांगेतून शेवया-पापड करून विकणाऱ्या विमलबाईंनी हात वर केला.

“सर, ते समदं दिसतंय. मला येगळंच इचारायचंय. मी तीन बारी त्या ई-सेवा केंद्रावर गेलते, सरकारी योजनेच्या यादीत नाव चढवायला. तिथली पोरगी म्हनती, मावशी, कॉम्प्युटर घेत न्हाई. आता मला सांगा, त्याच्या आत कोन बसलंय न घेणारं?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. बत्तीस वर्षांच्या नोकरीत अडचणीच्या प्रश्नाला त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं, तेच त्यांनी दिलं. “चांगला प्रश्न आहे. पुढच्या तासाला घेऊ.”

घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं की संगणकाच्या आत काय चालतं हे आपल्याला अजिबात माहीत नाही. गणिताच्या माणसाला ही गोष्ट फार लागते. मोजणारं यंत्र, आणि ते मोजतं कसं हे गणिताच्या मास्तरला ठाऊक नाही.

त्यांनी चौकशी सुरू केली. शेजारचे किराणा दुकानदार रुद्रप्पा म्हणाले, “अप्पा, त्याच्यात समदं आधीच भरून ठिवलेलं असतंय. जसं माझ्या दुकानात. तुमी मागायचं, त्यानं काढून द्यायचं.” माजी सरपंच सुंदरराव म्हणाले, “ते वरून येतंय, उपग्रहातून. हितं फकस्त पेटी.” केजला जाऊन एका दुरुस्तीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “सर, हे बिघडलं की हे बदलायचं, ते बिघडलं की ते बदलायचं. आत काय चालतंय ते बघत बसलो तर धंदा कवा करू?”

शेवटी सरांनी ठरवलं, प्रत्यक्ष दाखवू. पुढच्या तासाला त्यांनी घरचा पेचकस आणला आणि सगळ्यांसमक्ष पेटीची एक बाजू काढली. ती काढताना कडेला चिकटवलेला एक छोटा चकचकीत कागद फाटला, तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. आत हिरवी पाटी, एक पंखा आणि वायरींचा गुंता. विमलबाई मोबाईलची बॅटरी लावून वाकल्या आणि बराच वेळ निरखून म्हणाल्या, “हितं तर कोनीच न्हाई.”

सरांनी पेटी बंद केली. एक स्क्रू उरला, तो त्यांनी मुकाट्यानं खिशात टाकला.

इथवरही फारसं बिघडलेलं नव्हतं. बिघडलं ते अहवालानं. सर सत्यवचनी माणूस. त्यांनी लिहिलं, “दिनांक बारा रोजी संगणक उघडून दाखविण्यात आला. नागरिकांनी आत पाहिले. आत कोणीही आढळले नाही.”

दहा दिवसांनी उत्तर आलं. संगणक कोणाच्या परवानगीने उघडला? आत कोण असल्याचा संशय होता? उघडताना हमीचा कागद फाटला असणार, तो कोणी फाडला? खुलासा करावा. तपासणी होईपर्यंत संगणक सुरू करू नये. मात्र वर्ग कोणत्याही परिस्थितीत बंद ठेवू नये. आणि शेवटी, खुलासा कागदावर स्वीकारला जाणार नाही, तो वाचनालयाच्या संगणकावरूनच सादर करावा.

सरांनी ते पत्र तीन वेळा वाचलं. संगणकावर शिकवायचं, तर तो सुरू करायचा नाही. खुलासा संगणकावरून द्यायचा, तर तो सुरू करायचा नाही. आयुष्यभर त्यांनी पोरांकडून खुलासे मागितले होते. गृहपाठ का नाही, उशीर का, डबा कोणी खाल्ला. आपल्याकडून कोणी खुलासा मागेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. संगणकावर चादर टाकून ते घरी आले आणि जेवले नाहीत.

“कावून जेवत न्हाईत?” सरांच्या पत्नी शिवकांताबाईंनी विचारलं. त्यांना पत्र वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, “मंग द्या की खरं सांगून. संशय विमलबाईला होता म्हना.”

“अगं, विषय तो नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून आलेलं नाही.”

“मंग वर्षाराणीला इचारा. तिला कशाला शिकवलंय एवढं?”

लेकीला विचारणं सरांच्या जिवावर आलं होतं, पण त्यांनी लातूरला फोन लावला. वर्षाराणी कामात होती. ती म्हणाली, “अप्पा, आत नुसती बटणं असतात. अब्जावधी, बारीक बारीक. प्रत्येक बटण एक तर चालू नाही तर बंद. दुसरं काहीच नाही.”

“आणि बेरीज?”

“हातचा, अप्पा. तुम्हीच शिकवलाय. आपण दहा झाले की हातचा देतो, ते यंत्र दोन झाले की देतं. बोटं दोनच आहेत असं समजा.”

फोन ठेवल्यावर सर बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर विजेचा बोर्ड होता आणि बोर्डावर आठ बटणं होती. त्यांनी उजवीकडून पहिलं दाबलं, एक. ते बंद करून दुसरं दाबलं, दोन. दुसरं तसंच ठेवून परत पहिलं दाबलं, तीन. भर दुपारी घरातले दिवे, पंखे आणि देवघरातला बल्ब लागायला आणि विझायला लागले. चार म्हटल्याबरोबर स्वयंपाकघरातला मिक्सर सुरू झाला आणि शिवकांताबाईंच्या हातून ताट पडलं. अकरापर्यंत येतात तोच रुद्रप्पा धावत आले. “अप्पा, वायरिंग जळतंय का काय?”

“जळत नाही, रुद्रप्पा,” सर म्हणाले. त्यांचा चेहरा महिनाभरात पहिल्यांदाच उजळला होता. “मोजतंय.”

आता संगणक झाकलेला आणि वर्ग तर चालवायचाच. पुढच्या तासाला सरांनी वाचनालयात आठ खुर्च्या ओळीनं मांडल्या आणि जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर मोठे आकडे लिहून एकेका खुर्चीला अडकवले. एका टोकाला एक. मग दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट आणि दुसऱ्या टोकाला एकशे अठ्ठावीस. प्रत्येक खुर्चीवर एक माणूस. उठला म्हणजे खुर्चीवरचा आकडा धरायचा, बसला म्हणजे धरायचा नाही. उभ्या माणसांची बेरीज म्हणजे आपली संख्या.

नियम एकच. तुमच्या खुर्चीवर थाप पडली की बसला असाल तर उठायचं आणि उठला असाल तर बसायचं. उठताना गप उठायचं. बसताना मात्र पुढच्या खुर्चीवर थाप मारायची, तो हातचा. थाप मारताना बायामाणसांचा हात शेजारच्या पुरुषाला लागेल अशी शंका निघाली, म्हणून प्रत्येकाच्या हातात जुन्या वर्तमानपत्राची गुंडाळी दिली. थाप खुर्चीच्या पाठीवर मारायची. जुनी वर्तमानपत्रं हीच वाचनालयाकडची एकमेव विपुल गोष्ट होती. पहिल्या खुर्चीला थापेऐवजी घंटा. ती वाजवायचं काम एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर तानाजीराव यांच्याकडे आलं.

खरी अडचण पुढेच होती. सुंदररावांनी आत येऊन आकडे वाचले, काही न विचारता चालत गेले आणि एकशे अठ्ठावीसवर बसले. चौसष्टवर रुद्रप्पा बसले. बत्तीस आणि सोळासाठी दोन भावकींत बाचाबाची झाली. एकवर कोणीच बसेना.

“मी बसते,” विमलबाई म्हणाल्या. “आकडा ल्हान असला म्हनून काय झालं.” त्यांच्या शेजारी दोनवर त्यांच्या शेजारीण छबुबाई बसल्या, आणि चारवर ऊस-कापूस करणारा भारत.

तानाजीरावांनी घंटा वाजवली, पण सवयीप्रमाणे दोनदा. विमलबाई उठल्या आणि लगेच बसल्या. सरांनी समजावलं की गाडी सोडायची नाही, एकच घंटा द्या. परत सुरुवात. एक, दोन, तीन. मग बत्तीसवरचे अजिनाथराव म्हणाले की बसलेल्या माणसाला शून्य म्हणू नये, घरी बायकोपर्यंत जातं. सरांनी ‘शून्य’ हा शब्द वर्गापुरता रद्द केला. परत सुरुवात. बावीसपर्यंत छान गेलं, आणि तेलगावहून रुद्रप्पांचे व्याही त्यांना शोधत दारात आले. व्याही आलेले बघून आठच्या आठ माणसं आदरानं उभी राहिली.

“दोनशे पंचावन्न,” सर हताशपणे म्हणाले. व्याह्यांना वाटलं आपलं स्वागत करण्याची ही काहीतरी नवी पद्धत असावी, त्यांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सातनंतर आठ येण्याऐवजी सगळेच बसले. सात अधिक एक, काहीच नाही. सरांनी सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं आणि मागं मागं जात विचारलं. विमलबाईंनी बसताना थाप मारली होती. छबुबाईंनी मारली होती. भारत बसला होता, पण तो कानाला मोबाईल लावून कारखान्याच्या तोडणीवाल्याशी बोलत होता. त्याची थाप राहिली होती.

“म्हंजी आठवाली खुर्ची न्हाई म्हनली न्हाई,” विमलबाई हळूच म्हणाल्या. “तिला कुनी सांगितलंच न्हाई.”

“बरोबर,” सर म्हणाले.

“तिला वाईटबी वाटलं नसंल न्हवं? आन् माझा रागबी नसंल.”

“राग कसला? तिला फक्त थाप कळते.”

विमलबाई त्या दिवशी वर्ग सुटल्यावर घरी गेल्या नाहीत, सरळ केंद्रावर गेल्या. तिथल्या पोरीनं नेहमीप्रमाणे कॉम्प्युटर घेत नाही असं सांगितल्यावर त्या खुर्ची ओढून बसल्या. “त्याच्या आत कोन बसलेलं नसतंय बाळा, मी बघितलंय. त्यो न्हाई म्हनत नसतोय. कुठंतरी मागं चुकलंय. एकेक करून बघ, मला घाई न्हाई.” पोरीनं बघितलं. एका कागदावर विमल होतं आणि दुसऱ्यावर विमला. अर्ध्या तासात दुरुस्त झालं आणि त्यांचं नाव यादीत चढलं. ही बातमी गावात पोचल्यावर वर्गाची हजेरी एकवीसवरून चौतीसवर गेली आणि खिडकीतही माणसं उभी राहायला लागली.

इतकं सगळं छान चाललेलं असताना तपासणीच्या आदल्या दिवशी सुंदररावांनी राजीनामा दिला.

सर त्यांच्या घरी गेले. सुंदरराव ओसरीवर बसले होते. “सर, तुमचं मन मोडायचं न्हाई मला. पन पंधरा दिस झाले, मोजताना मी एकदाबी उठलो न्हाई. विमलबाई उठती, छबुबाई उठती, त्यो भारत उठतोय. मी हातात पेपर घिऊन नुसता बसलेलो. गाव माज्याकडं बघून हसतंय. माझं काम काय हाय तितं?”

हे खरं होतं. सराव कधी साठपुढे गेलाच नव्हता. कधी चहा यायचा, कधी चूक व्हायची, कधी तानाजीराव चुकून डबल द्यायचे.

सर त्यांच्या शेजारी बसले. “आबा, एक सांगतो. ते सातही जण एकदम उभे राहिले, तर बेरीज किती होते माहीत आहे? एकशे सत्तावीस. आणि तुम्ही एकटे उठलात तर एकशे अठ्ठावीस. सगळ्यांच्या बेरजेपेक्षा तुम्ही एकटे एकानं जास्त. म्हणून ते सगळे बसल्याशिवाय तुमची पाळी येत नाही.”

सुंदररावांनी बोटांवर हिशोब केला. “एकानं?”

“एकानं.”

“मी दोन सालापूर्वी एका मतानं पडलोय, सर. एक म्हंजी किती आस्तंय ते मला इचारा.” ते उठले आणि खुंटीवरचा सदरा काढला. “किती वाजता यायचंय उद्या?”

तपासणीला तेजश्री मॅडम आल्या. वय तिशीच्या आसपास, काखेत जाड फाईल, चेहरा कडक. त्या दारात आल्याबरोबर आठही जण उभे राहिले. सरांनी मनातल्या मनात दोनशे पंचावन्न म्हटलं आणि खुणेनं सगळ्यांना बसवलं.

मॅडमनी आधी चादर उचलून बघितली, फाटका कागद बघितला, फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. “संगणक बंद आहे ना?”

“पत्र आल्या दिवसापासून.”

“मग वर्गही बंदच असणार.”

“वर्ग चालू आहे.”

“संगणक बंद असताना संगणकाचा वर्ग चालू कसा?”

सरांनी त्यांना पाहुण्यांची खुर्ची दिली आणि तानाजीरावांकडे बघून मान हलवली. घंटा वाजली, एकदाच. विमलबाई उठल्या.

पहिल्या वीसेक घंटांपर्यंत मॅडम फाईल चाळत होत्या. तिसाच्या पुढं त्यांचं पेन थांबलं. बत्तीसला पाच जण पटापट बसून अजिनाथराव उठले, तेव्हा त्या खुर्चीत पुढे सरकल्या. चौसष्टला रुद्रप्पांना डुलकी लागली होती, पण थाप जोरात पडली आणि ते गिऱ्हाईक आल्यासारखे ताडकन उठले. शंभर उलटले. वाचनालयात पसरलेली शांतता बत्तीस वर्षांच्या परीक्षांतही सरांनी अनुभवली नव्हती. विमलबाईंच्या कपाळावर घाम होता, कारण सगळ्यात जास्त ऊठबस लहान आकड्यालाच. खिडकीतली माणसं पुटपुटत मोजत होती. एकशे पंचवीस. एकशे सव्वीस. एकशे सत्तावीस. सातही जण उभे, आणि टोकाला सुंदरराव एकटे बसलेले, मान खाली, वर्तमानपत्राची गुंडाळी मुठीत घट्ट.

घंटा वाजली. विमलबाई बसल्या, फट. छबुबाई बसल्या, फट. भारत बसला, आणि त्याची थाप राहिली नाही. थाप पुढं पुढं सरकत गेली, माणसं एकामागून एक खाली जात गेली, रुद्रप्पा बसले आणि त्यांनी शेवटची थाप मारली.

सुंदरराव उठले. सगळी ओळ बसलेली, ते एकटे उभे. त्यांनी सदरा खाली ओढला आणि काय करावं हे न सुचून सगळ्यांना हात जोडले. खिडकीतून टाळ्या सुरू झाल्या, त्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

“थांबू नका,” मॅडम म्हणाल्या. “पुढं चालू द्या.”

पुढचे आकडे त्या स्वतःच मोठ्यानं म्हणत होत्या. दोनशे झाले, दोनशे चाळीस झाले, आणि दोनशे पंचावन्नला पूर्ण ओळ उभी राहिली. तानाजीरावांनी घंटेला हात घातला, तसे सुंदरराव म्हणाले, “जरा थांबा. आता मी बसायचं. बसताना थाप मारायची. पन मारू कुनाला? माझ्या पलीकडं तर कोन न्हाई.”

“आठ जणांत एवढंच मावतं,” सर म्हणाले. “आता घंटा दिली की सगळे बसणार आणि मोजलेलं सगळं जाणार. पुढं जायचं तर नववं माणूस पाहिजे.”

वाचनालयात रिकामी खुर्ची एकही उरलेली नव्हती. मॅडमनी इकडेतिकडे बघितलं. मग त्यांनी फाईल टेबलावर ठेवली, स्वतःची खुर्ची उचलली, ओळीच्या टोकाला सुंदररावांच्या पलीकडे नेऊन मांडली आणि तिच्यावर बसल्या.

सुंदररावांनी सरांकडे बघितलं. “सायबाच्या खुर्चीला थाप मारायची?”

“मारा,” मॅडम म्हणाल्या. “जोरात मारा, मला कळली पाहिजे.”

घंटा वाजली. आठ थापा ओळीनं वाजत गेल्या. सुंदरराव बसले आणि त्यांनी आठवी थाप अगदी हळू, देवाला फूल वाहावं तशी मारली. तेजश्री मॅडम उभ्या राहिल्या.

“दोनशे छप्पन,” खिडकीतून एकसुरात आवाज आला.

मॅडमनी तिथंच उभं राहून सांगितलं की संगणक आजपासून सुरू करायला हरकत नाही, तो इथंच राहील आणि खुलासा त्या स्वतः लिहून घेतील. मग जरा हळू आवाजात त्या सरांना म्हणाल्या, “मी इतिहासात एम.ए. आहे, सर. हे संगणकाचं काम माझ्याकडं मागच्या महिन्यात आलं. मलाही आजच कळलं.”

सरांनी चादर काढली. लोक संगणकाभोवती गोळा होतील असं त्यांना वाटलं होतं, पण खुर्च्यांवरचं कोणीच हललं नाही. विमलबाई गुडघे चोळत होत्या.

“सर, म्होरं जायाचं कळलं. पन मागं कसं यायचं ह्या मशिनीनं? म्हंजी वजाबाकी करायची असली तर?”

सरांनी ओळीकडे बघितलं. नऊ माणसं, हातात गुंडाळ्या, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर.

“मला माहीत नाही, विमलबाई,” ते म्हणाले, आणि हे वाक्य उच्चारायला इतकं सोपं असतं याचं त्यांना आश्चर्य वाटलं. “पण सगळे आहोत, तर बघू या. तानाजीराव, घंटा.”

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, मग हातातलं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि शेजारी पडलेल्या गठ्ठ्यातून एक वर्तमानपत्र उचलून गुंडाळायला घेतलं.